बिल्ला मॅनेजरचा, तास कुणाचे?

रात्रीचा दीड वाजलाय. अंधेरी स्टेशनबाहेरच्या एका बर्गरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलंय. फ्रायरचं तेल गाळून झालं, फरशी पुसून झाली, पोरं पांगली. काउंटरमागे शिफ्ट मॅनेजर एकटाच गल्ला मोजतोय आणि ६४० रुपये कमी भरतायत. तो पुन्हा मोजतो, उसासा टाकतो आणि स्वतःच्या पाकिटातून ६४० रुपये काढून गल्ल्यात टाकतो. उद्या सकाळी सहाला ओपनिंगही त्याचंच आहे. घरी जाऊन परत यायला वेळ नाही, म्हणून तो स्टोअररूममध्येच पुठ्ठा अंथरतो.

हे चित्र काल्पनिक आहे. पण घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या कुठल्याही फूड कोर्टात काम केलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर आलं, २००१ साली मालाड स्टेशनजवळ जम्बो किंगने वडापावची साखळी सुरू केली आणि बघता बघता उपनगरांत हा धंदा फोफावला. त्याच्याबरोबर एक शिडीही उभी राहिली: क्रू, क्रू ट्रेनर, शिफ्ट मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर, रेस्टॉरंट मॅनेजर, एरिया मॅनेजर. कंपनीनुसार नावं बदलतात, पायऱ्या साधारण याच. बारावी करून काउंटरला उभा राहिलेला मुलगा या शिडीने वर जाऊ शकतो. असं दार उघडं ठेवणारे धंदे मुंबईत फार नाहीत, म्हणून ही शिडी मोलाची आहे.

मात्र तिच्या मधल्या पायऱ्यांवरच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. क्रू असताना तुम्हाला कोणी राबवत असतं. मॅनेजर झालात की तुम्ही राबवता आणि राबतही राहता. अशा वेळी काय करायचं, त्याचा हा हिशेब.

त्रास कोणता, अन्याय कोणता

हे काम मुळात कष्टाचं आहे. दिवाळीत सुट्टी मिळत नाही, ऑडिटच्या दिवशी ओरडा बसतो, शनिवारी रात्री जेवायला फुरसत नसते. हे सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत असेल तर तो त्रास आहे. त्यावर उपाय शोधता येईल, पण त्याला अन्याय म्हणून भांडलात तर तुमचं वजन कमी होतं.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हाच नियम माझ्या जोडीच्या मॅनेजरला लागू आहे का? हा नियम कुठे लिहिलेला आहे का? मला कारण सांगितलं का? दहा मिनिटं उशिरा आल्याबद्दल तुम्हाला मेमो आणि दुसऱ्याला हसून सोडलं. चार महिने क्लोजिंग फक्त तुमच्याच वाट्याला. तक्रार केल्याच्या पुढच्याच आठवड्यात बदली. तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ येत असेल, तर पुढचं नीट वाचा.

‘मॅनेजर’ या शब्दाची किंमत

बढतीचं पत्र हातात आलं की आपण पेढे वाटतो. ते वाटण्याआधी पत्र दोनदा वाचा. महाराष्ट्रातल्या दुकानांना आणि हॉटेलांना लागू असलेला दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्याच्या मूळ मजकुरात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर ठरवला आहे. दिवसाची मर्यादा १० तासांपर्यंत नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा अर्ज लिहिताना त्या दिवशी लागू असलेले आकडे तपासून घ्या.

खरी गोम पुढे आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असलेल्यांना हा कायदा लागू नाही. म्हणजे क्रू म्हणून जादा तासांचे दुप्पट पैसे मिळत होते, आणि छातीवर ‘मॅनेजर’चा बिल्ला लागताच तेच तास फुकट जाऊ शकतात. मूळ पगारात झालेली वाढ गेलेल्या ओव्हरटाइमपेक्षा कमी असेल, तर तुम्ही बढती घेऊन पगार घटवून घेतला. ही बेरीज-वजाबाकी पत्रावर सही करण्याआधी कागदावर करा.

याच कायद्यात एक छोटं कलम आपल्या बाजूचं आहे. कायद्यातून वगळलेल्या पदांवरच्या लोकांची यादी आस्थापनेच्या संकेतस्थळावर, ते नसेल तर दुकानात दर्शनी जागी लावायची असते आणि तिची प्रत सरकारी सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या निरीक्षकाकडे, पाठवायची असते. एचआरला नम्रपणे विचारा: माझं नाव त्या यादीत आहे का?

आणि बिल्ल्यावर काय छापलं आहे, यावर न्यायालय थांबत नाही. अर्कल गोविंद राज राव विरुद्ध सिबा गायगी या मुंबईतल्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की माणसाचं मुख्य काम काय आहे ते पाहायचं. हुद्दा किंवा जोडीला दिलेली थोडीफार देखरेख यावरून तो कामगार नाही असं ठरत नाही. दिवसाचे सात तास तुम्ही बर्गर भरता, ऑर्डर पॅक करता, गल्ला सांभाळता, आणि रजा मंजूर करणं, माणूस नेमणं किंवा काढणं यांतलं काहीच तुमच्या हातात नाही, तर ‘मॅनेजर’ हे तुमचं नाव आहे, काम नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत देखरेखीचं काम करणाऱ्याला कामगार मानण्यासाठीची पगाराची मर्यादा १०,००० वरून १८,००० रुपये झाली आहे, हेही लक्षात असू द्या.

तुमचा मालक कोण?

पाटीवर जे नाव दिसतं ते बहुधा तुमच्या मालकाचं नसतं. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्सची दुकानं हार्डकॅसल रेस्टॉरंट्स चालवते, डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स चालवते, बर्गर किंग रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया चालवते. काही छोट्या साखळ्यांत तर दुकान स्थानिक फ्रँचायझीवाल्याचं असतं आणि पोरं कंत्राटदाराच्या पगारावर असतात. ब्रँडच्या परदेशी कार्यालयाला तळमळून ईमेल लिहिण्याआधी नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी आणि पीएफचं पासबुक काढून बघा. तिन्हीवर एकच नाव आहे का? तक्रार त्या नावाने करायची असते.

वही ठेवा

या धंद्यात सगळं मोजलं जातं. फ्रायरचं तापमान, बन किती वेळ ठेवायचा, ग्राहक रांगेत किती सेकंद उभा राहिला, दिवसाचं वेस्टेज किती. मोजायचं राहतं ते फक्त तुमचं. पंचिंगच्या यंत्रात, बिलिंगच्या सिस्टीममध्ये नोंदी असतात, पण त्या कंपनीच्या ताब्यात. तुम्ही बाहेर पडलात की पासवर्ड बंद.

म्हणून दहा रुपयांची वही घ्या. रोज पाच ओळी: किती वाजता आलो, किती वाजता निघालो, ब्रेक मिळाला का, कोणत्या स्टेशनवर काम केलं, काही विशेष घडलं का. विशेष म्हणजे कोण, काय, कुणासमोर. ‘साहेब नेहमी अपमान करतात’ असं लिहू नका. ‘१४ तारखेला रात्री ९ वाजता काउंटरसमोर, दोन क्रू आणि ग्राहकांदेखत अमुक शब्द वापरले’ असं लिहा. त्याच दिवशी लिहिलेल्या वहीला नंतर आठवून लिहिलेल्या दहा पानांपेक्षा जास्त किंमत असते.

तोंडी हुकूम आला की त्याला लेखी रूप द्या. भांडायचं नाही, फक्त कळवायचं: ‘सर, आजचं क्लोजिंग १.४० ला संपलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उद्या सकाळचं ओपनिंगही मी करतोय.’ एवढा मेसेज पुरे. स्वतःच्या रोस्टरचा फोटो, स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठ्या, शाबासकीचे आणि मेमोचे कागद घरी ठेवा. मात्र विक्रीचे आकडे, रेसिपी, ग्राहकांची माहिती स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. अन्यायाचा पुरावा जमवताना तुम्हालाच काढून टाकायचं कारण हातात द्याल.

गल्ला कमी भरला तर

सुरुवातीच्या प्रसंगातल्या मॅनेजरची मोठी चूक इथे झाली. स्वतःचे पैसे टाकल्याने शॉर्टेज कागदावरून पुसलं गेलं आणि त्याच्यासोबत खरं कारणही. पुढच्या वेळी रक्कम मोठी असेल तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नसेल.

वेतन संहितेनुसार तुमच्या ताब्यातल्या पैशाचं किंवा मालाचं नुकसान थेट तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच ते पगारातून कापता येतं, तेही तुमचं म्हणणं मांडायची संधी दिल्यानंतर आणि नुकसानीच्या रकमेइतकंच. दंड लावायचा तर तो त्या वेतनकाळाच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारापलीकडे जात नाहीत. ही संहिता मॅनेजरनाही लागू आहे.

व्यवहारात करायचं ते असं: शिफ्ट बदलताना गल्ला दोघांनी मोजायचा आणि दोघांनी सही करायची. कोणत्या काउंटरला कोण बसलं ते लिहायचं. कमी भरलं तर रजिस्टरमध्ये आकडा टाकून त्याच रात्री वरिष्ठाला मेसेज करायचा. तुमच्या लॉगिनवर दुसऱ्याला बसू द्यायचं नाही, तो कितीही जवळचा मित्र असला तरी.

बढती अडते तेव्हा

‘काम चांगलं आहे, पण अजून तयार नाहीस.’ हे वाक्य तीन अप्रेजलमध्ये ऐकलं असेल तर त्याचा अर्थ विचारायची वेळ झाली. कशात तयार नाही? फूड कॉस्ट? माणसांचं वेळापत्रक? ऑडिटचे गुण? उत्तर मिळेल ते मेलवर उतरवून पाठवा: ‘आजच्या चर्चेनुसार पुढच्या सहा महिन्यांत मला या तीन गोष्टी सुधारायच्या आहेत. त्या झाल्या की असिस्टंट मॅनेजर पदासाठी माझा विचार व्हावा, ही विनंती.’ निकष एकदा लेखी झाला की तो दर वेळी हलवता येत नाही.

उपनगरातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना एक काटा हमखास टोचतो: इंग्रजी. दुकान चोख चालवणारा मुलगा एरिया मॅनेजरसमोर अडखळतो आणि फाडफाड बोलणारा पुढे जातो. यात अन्याय असतो, पण थोडा भाग आपल्या हातातलाही असतो. मुलाखतीला लागतं ते कादंबरीचं इंग्रजी नव्हे. सेल, फूड कॉस्ट, लेबर कॉस्ट, वेस्टेज, व्हेरिअन्स, टर्नओव्हर अशा वीस-पंचवीस शब्दांभोवती सगळं फिरतं. आपल्या दुकानाचे महिन्याचे आकडे घेऊन त्यावर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचा आरशासमोर सराव करा. आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाचं व्याकरण फार कुणी तपासत नाही.

जोडीला असे कागद जमवा, जे कंपनी बदलली तरी तुमच्याकडे राहतील. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं फोस्टॅक प्रशिक्षण हा त्यातला पहिला. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा असा नियम असल्याने त्या प्रमाणपत्राला मागणी असते. पदवी राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती नोकरी सांभाळून पुरी करता येते.

मुलुंडहून बोरिवलीला

बदली हे या शहरातलं सगळ्यात सोपं हत्यार आहे. मुलुंडला राहणाऱ्याला बोरिवलीच्या दुकानात टाकलं की काही बोलावं लागत नाही. मध्य रेल्वेने दादर, तिथून पश्चिम रेल्वे, किंवा घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि पुढे लोकल. हा झाला सकाळी जायचा रस्ता. क्लोजिंग करून रात्री दोनला निघालेल्याला रिक्षा सोडून काही उरत नाही आणि त्या रिक्षात दिवसाची कमाई जाते.

बहुतेक नेमणूकपत्रांत ‘कुठेही बदली होऊ शकते’ असं कलम असतं, त्यामुळे प्रत्येक बदली बेकायदा नसते. पण धोरणाच्या आडून वाईट हेतूने केलेली बदली आणि गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं, या दोन्ही गोष्टींना महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने अनुचित प्रथा ठरवलं. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही त्या आहेत. १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, म्हणून विचार करण्यात महिने घालवू नका.

महत्त्वाचं म्हणजे बदली झाली म्हणून घरी बसू नका. गैरहजेरीचा शिक्का बसतो आणि मूळ अन्याय बाजूला पडतो. आधी रुजू व्हा आणि रुजू होतानाच लिहून द्या: ‘अमुक तारखेच्या माझ्या तक्रारीनंतर ही बदली झाली आहे. माझे हक्क राखून मी रुजू होत आहे.’

मुलींनी आणि त्यांच्या मॅनेजरनी

भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि पगार यांत स्त्रियांशी भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यात मनाई आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर त्या स्त्रीची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी सोडण्याची व्यवस्था हवी. ‘क्लोजिंग करत नाहीस म्हणून मॅनेजर होणार नाहीस’ असं कुणी म्हणत असेल, तर आधी विचारा: क्लोजिंगसाठी गाडी आहे का?

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची. पुरेसं कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. कंपनीने दिलेली गाडीही या कायद्यात कामाची जागा धरली जाते. त्रास देणारा ग्राहक असला तरी सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी मालकाची आहे. समितीच नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी थेट वरिष्ठ. एकांतात, शांतपणे, एकाच मुद्द्यावर. दुसरी पायरी एरिया मॅनेजर किंवा एचआर, लेखी. अर्ज एका पानाचा असावा: काय झालं, कधी झालं, कोणता नियम मोडला, मला काय हवं आहे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. ‘मला न्याय हवा’ यावर एचआर काही करू शकत नाही. ‘क्लोजिंगची पाळी चौघांत समान वाटावी’ यावर करू शकतं.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर तिसरी पायरी बाहेरची. तास, सुट्टी आणि पगाराच्या तक्रारी कामगार आयुक्तालयाकडे. त्याचं कामगार भवन वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पीएफ भरला जात नसेल तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. कोर्टात जाण्याआधी मात्र एका कामगार-वकिलाला वही दाखवा. तुम्ही कायद्याने ‘कामगार’ ठरता का, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

सोडायचं असेल तर

कधी कधी दुकान सोडणं हाच शहाणपणा असतो. पण रागात किंवा केबिनमध्ये बसवून ‘लिहून दे, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देतो’ म्हटल्यावर राजीनामा लिहू नका. स्वखुशीचा राजीनामा एकदा दिला की दाद मागायचे बरेच दरवाजे बंद होतात. ‘उद्या उत्तर देतो’ म्हणा आणि उठा. कोऱ्या कागदावर तर सही कधीच नको. नवी नोकरी हातात घ्या, नोटीस पिरियड पुरा करा, कंपनीचा माल आणि किल्ल्या परत केल्याची पोच घ्या. वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत राहिलेलं वेतन मिळायला हवं. पीएफचा यूएएन तोच राहतो, नव्या ठिकाणी तो द्या.

आणि शिडी चढून तुम्ही वर पोहोचलात, तर एक काम न विसरता करा. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी चिकाटीने मागितली म्हणून. तुमच्या दुकानात रविवार गर्दीचा आहे, तो कुणालाच मिळणार नाही, ठीक आहे. पण रोस्टर आता तुमच्या हातात असेल. रात्री दीडला शटर ओढणाऱ्या पोराला सकाळी सहाचं ओपनिंग लावू नका.